आतली खुर्ची

शमुवेल साळवे जाऊन साठ दिवस झाले आणि एकसष्टाव्या दिवशी तो तालमीला आला.

आला म्हणजे काय, त्याचं व्हायोलिन आलं. संगमाजवळच्या नव्या सभागृहात, दुसऱ्या व्हायोलिनांच्या सगळ्यात मागच्या जोडीत, आतल्या खुर्चीवर एक लोखंडी बैठक बसवली होती आणि तिच्यावर ते उभं केलं होतं. ना गज, ना हात, ना ती किंचित डावीकडे कललेली मान. तारा ज्या घोडीवरून जातात तिला सुपारीएवढी एक डबी चिकटवलेली आणि तिच्यातून निघालेली बारीक वायर खुर्चीखाली गेलेली. एस्तेर नेहमीसारखी पावणेदहाला आली. शेजारी बघायचंच नाही असं घरून ठरवून निघाली होती. आली, बसली आणि टक लावून तिकडेच बघत राहिली.

विलायती सनई फुंकणाऱ्या ओबोवाल्यानं सूर दिला. सगळ्यांनी आपापल्या तारा त्या सुराशी जुळवून घेतल्या. कंडक्टर रुस्तम सरांनी छडी उचलली, खाली आणली आणि शेजारून शमू वाजला.

अगदी शमू! जाड तारेवर गरजेपेक्षा जास्त दाब द्यायची त्याची जुनी खोड, ओळ संपवताना शेवटच्या सुराला हलकेच कुरवाळायची सवय, सगळं जिथल्या तिथे. एस्तेरचा गज तारेवर ठेवला तसाच राहिला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, सव्वीस वर्षं या ऑर्केस्ट्रात काढलेली, आणि सुरुवातच चुकली. पुढच्या जोडीतल्या कुणीतरी वळून बघितलं आणि लगेच मान फिरवली. नवराबायको एकाच स्टँडवर वाजवायचे हे सगळ्यांना माहीत होतं ना.

लोकांना वाटतं, ऑर्केस्ट्रातले व्हायोलिनवाले सगळे सारखेच. काळे कपडे घालून एका रांगेत बसतात, एकदम गज वर, एकदम गज खाली. छे! तिथे जेवढी उतरंड असते तेवढी सरकारी कचेरीतसुद्धा नसेल. सगळ्यात पुढे बसतो तो मुख्य वादक. त्यानं मान हलवली की बाकीचे हलतात. पहिली व्हायोलिनं चाल मिरवतात. दुसरी व्हायोलिनं त्या चालीखाली जमीन सारवून देतात, आणि जमिनीकडे कोण बघतं? ओबोवाला सूर देतो म्हणून त्याची ऐट निराळी. त्रिकोण वाजवणारा दोनशे-अडीचशे मात्रा मोजत बसतो, एकदा टिणकन वाजवतो आणि पुन्हा मोजायला लागतो. पण तो चुकला तर अख्ख्या सभागृहाला कळतं. दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या जोडीतलं कुणी चुकलं तर त्याच्या शेजाऱ्याशिवाय कुणालाही कळत नाही.

व्हायोलिनवाले जोडीनं बसतात. दोघांत मिळून एक स्टँड, एकच स्वरलिपी. श्रोत्यांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, पलीकडचा आतला. पान संपत आलं की आतला वाजवायचं थांबतो आणि पान उलटतो. बाहेरचा वाजवत राहतो. निम्मे वाजवत असतात म्हणून श्रोत्यांना पत्ता लागत नाही. मान बाहेरच्याचा, काम आतल्याचं, असा रिवाज. शमू एस्तेरपेक्षा चांगला वाजवायचा, हे तिलाही माहीत होतं. पण लग्नानंतर दोघांना एक जोडी मिळाली तेव्हा तो आपणहून आतल्या खुर्चीवर जाऊन बसला. “तू वाजव, पानांचं मी बघतो,” म्हणाला. झालं, सव्वीस वर्षं पानं त्यानंच उलटली. तालमीआधी प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तो जरासा दुमडून ठेवायचा, ऐन वेळी बोटाला चटकन मिळावा म्हणून.

तक्रार एकच होती. पान उलटल्यावर तो परत वाजवायला लागायचा तो किंचित उशिरा. फार नाही, पापणी लवेल एवढाच. पण शेजारच्याला कळतंच. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून एस्तेरची कटकट सुरू व्हायची. “एवढा कसला वेळ लागतो रे तुला? पान उलटतोस की भिंत सरकवतोस?”

“पान जड असतं गं,” तो म्हणायचा.

दर वेळी तेच उत्तर. तिला राग यायचा, खोटं कशाला सांगा.

आता या जमान्यात कागदाची पानं कशाला, असं कुणीही विचारेल. स्वरलिपी दाखवणारे पडदेही येऊन गेले होते. पण एका कार्यक्रमात, अगदी रंगात आलेलं असताना, सगळ्या स्टँडवरचे पडदे एकदम काळे पडले आणि बहात्तर माणसं खाली मान घालून बसून राहिली. त्या दिवसापासून रुस्तम सरांनी पडद्यांना दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. कागद परत आला. सहवादक मात्र आला तो कायमचा.

सहवादक हे यंत्र नादवेध नावाच्या कंपनीचं. सुरुवातीला ते आजारपणापुरतं होतं. प्रत्येकाच्या घोडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा ध्वनिग्राहक आणि मनगटाला हालचाल टिपणारी पट्टी. सात वर्षं प्रत्येक तालमीची अशी नोंद होत होती. नुसते सूर टिपून भागत नाही. तोच सूर दोन माणसं वाजवतात, पण छडी खाली आल्यावर एक जण सेकंदाच्या विसाव्या भागात उठतो, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. एक जण शेजाऱ्याचं ऐकून आपला आवाज आवरतो, दुसरा पुढच्याच्या खांद्याकडे बघून वाढवतो. समूहात वाजवणं म्हणजे क्षणाक्षणाला दिलेली अशी हजारो बारीक उत्तरं. आजूबाजूला असं घडलं की हा माणूस तसं करतो, ही सगळी उत्तरं यंत्र शिकून घेई. त्याला ते लोक ठसा म्हणत. मग बाकीचा ऑर्केस्ट्रा वाजायला लागला की ठसा त्याला उत्तरं देऊ लागे, आणि घोडीवरच्या डबीतला कंपक त्या माणसाचं स्वतःचं व्हायोलिन थरथरवी. लाकूड तेच, तारा त्याच, म्हणून आवाजही तोच. लाउडस्पीकरचा काही संबंधच नाही.

आजाऱ्याची खुर्ची आठ दिवस ठशानं सांभाळली तर कुणाचं काय बिघडलं? मग एक सेलोवाला निवृत्त झाला आणि त्याचा ठसा तसाच राहिला. मग कुणी वारलं. अशा नऊ खुर्च्या झाल्या होत्या. शमूची दहावी.

चर्चमधली स्मरणाची प्रार्थना झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नादवेधचा इंजिनिअर निशिकांत बोधे घरी आला होता. चाळिशीचा, सभ्य माणूस. चहाला नको म्हणाला आणि मग घेतला.

“मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तर खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल,” तो म्हणाला. “हो म्हणालात तर साळवे सर तिथेच राहतील. तुमची संमती आहे तोवर.”

“आणि संमती मागे घेतली तर?”

“तर कायद्यानं ठसा पुसावा लागतो. प्रत ठेवता येत नाही. आम्हालाही नाही आणि तुम्हालाही नाही.”

मेलेल्या माणसांचे आवाज विकायचा धंदा मध्यंतरी फार माजला होता, त्यानंतर हा कायदा झाला होता. घरी नेऊन ऐकत बसायचीसुद्धा सोय नव्हती.

एस्तेरनं कागद पुढे ओढला. यादीत पहिलं नाव कुणाचं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऋजुता खटावकर. नऊ वर्षांची असताना हातापेक्षा मोठं व्हायोलिन घेऊन ती एस्तेरच्या दारात उभी राहिली होती; आता एकतीस वर्षांची झाली होती. निम्मं एस्तेरनं शिकवलं, निम्मं शमूनं. सात वर्षं ती राखीव यादीत होती. पूर्वी कुणी आजारी पडलं की निदान चार दिवस तरी तिला बोलावणं यायचं. ठसे खुर्च्या सांभाळायला लागले तेव्हापासून तेही बंद झालं. दर रविवारी ती जेवायला यायची, ‘या वर्षी होईल बघा टीचर’ म्हणायची आणि भांडी घासून जायची.

हे सगळं माहीत असून एस्तेरनं सही केली. स्वार्थ म्हणा हवं तर. शेजारची खुर्ची रिकामी बघायचा धीर नव्हता तिला, आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं बघायचा तर त्याहून नव्हता.

ऋजुताला तिनं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “टीचर, मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.” ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर रविवारची ती यायची बंद झाली.

तर त्या पहिल्या तालमीत एस्तेर सावरली, वाजवायला लागली. तिसरं पान संपत आलं. शेवटची ओळ, शेवटची मात्रा, आणि शेजारचं व्हायोलिन थांबलं.

तिनं सवयीनं पानाच्या कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा दुमडलेला होता, शमूनंच कधीतरी दुमडलेला. पान काही उलटलं नाही. कोण उलटणार? तिचं वाजवणं जिथे पान संपलं तिथे संपलं. सगळा ऑर्केस्ट्रा पुढे निघून गेला आणि शेवटची जोडी पार मुकी झाली. मग शेजारचं व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. पापणी लवेल एवढ्या उशिरानं.

एस्तेरला आधी हसू आलं. अरे, हा मेला तरी उशिराच येतोय! आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं, डोळ्यांपुढचे सूर दिसेनासे झाले.

चहाच्या सुट्टीत निशिकांत घाईघाईनं आला. “माफ करा मॅडम, दोष राहिलाय. यंत्राला वाचायला हीच छापील पानं दिलेली असतात. सर प्रत्येक पानाच्या शेवटी थांबायचे ते पान उलटायला, पण यंत्राला वाटलं तो वाजवण्याचाच भाग आहे. सगळ्या आतल्या खुर्च्यांचं असं होतं. त्या जागा भरून टाकतो.”

“नको. हात लावू नका.”

“पण श्रोत्यांना…”

“शेवटच्या जोडीकडे कुठला श्रोता ऐकतो हो? राहू द्या म्हटलं ना.”

निशिकांतनं मान डोलावली. जाता जाता म्हणाला, “गंमत आहे पण. पान उलटायला जेमतेम सेकंद लागतो. बाकीच्यांच्या नोंदी बघा, सेकंदात परत वाजवायला लागतात. साळवे सर जवळजवळ दोन सेकंद थांबायचे.”

“शेवटी शेवटी हात थरथरायचा त्याचा.”

“नाही, सातही वर्षं तसंच आहे.”

एस्तेरनं ते कानाआड केलं. शमू मुळातच सुस्त, त्यात नवल ते काय?

पुढचे तीन महिने बाईनं काय केलं, तर प्रत्येक पानाची पहिली ओळ पाठ केली. पान उलटलं नाही तरी तिला थांबायला नको. शेजारी शमू गप्प झाला की ती पाठ केलेलं वाजवत राही, तो परत आला की पुढे मोकळी जागा बघून स्वतःच पान उलटी. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठांतर म्हणजे सोपं काम नव्हे. पण ती खुशीत होती. घरी आल्यावर स्वयंपाक करता करता “आज फारच उशीर केलास हं” असं मोठ्यानं म्हणायची. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंना काळजी वाटायला लागली होती.

एका दुपारी ऋजुता आली. हातात पेढ्यांचा पुडा.

“नोकरी लागली टीचर. नादवेधमध्ये.”

“काय काम असतं?”

“ऐकायचं. ठशांत दोष असतील तर शोधून द्यायचे.”

एस्तेरनं पेढा हातात घेतला, तो तोंडापर्यंत गेलाच नाही. “आणि वाजवणार कधी?”

“वाजवते की. घरी.” ऋजुता हसली. भिंतीवरच्या शमूच्या फोटोकडे तिनं बघितलं आणि पटकन उठली. जेवून जा म्हटलं तर थांबली नाही. एस्तेर दारात उभी होती. तिला म्हणायचं होतं, माझं चुकलं गं. पण जिन्यावरची पावलं खाली पोचली तरी शब्द काही बाहेर पडला नाही.

मोसमातली सगळ्यात मोठी सिंफनी रेकॉर्ड करून जगभर पाठवायची होती. तिच्या तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी पहिलं पान संपलं, एस्तेरनं पाठ केलेली ओळ मनात तयार ठेवली, आणि शेजारचं व्हायोलिन थांबलंच नाही. सरळ वाजत पुढे गेलं. जरासुद्धा उशीर नाही. अगदी निर्दोष.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हात लावू नका म्हणून सांगितलं होतं! दुसरं पान संपलं, तेच. तिसऱ्या पानाला तिनं स्वतःचा गज मुद्दाम हलका केला आणि कान देऊन ऐकलं. शमूचे सूर चालले होते, आणि पानाच्या टोकाला बरोबर दोन मात्रा दुसऱ्याच कुणाच्या होत्या. गज वरून खाली फिरवताना आवाजाला एक बारीकसा फुगवटा येत होता. मनगट आधी जातं, बोटं मागून येतात, तेव्हा येतो तसा. त्या मनगटावर एस्तेरनं पेन्सिलीनं किती वेळा टिचकी मारली होती! नऊ वर्षांच्या मुलीला ओरडून ओरडून शेवटी तिनं तो नाद सोडून दिला होता.

जेवणाच्या सुट्टीत ती सभागृहामागच्या नादवेधच्या खोलीत गेली. ऋजुता कानाला हेडफोन लावून बसली होती. मांडीवर व्हायोलिन. एस्तेरला बघून तिनं हेडफोन काढला.

“तू वाजवलंस ते,” एस्तेर म्हणाली.

“हो.”

“कुणी सांगितलं होतं?”

“रुस्तम सरांनी. जगभर जायचंय रेकॉर्डिंग, मध्ये मध्ये भोकं नकोत म्हणाले. बोधे सरांनी विचारलं, साळवे सरांसारखं कोण वाजवू शकेल? मी म्हटलं, मी वाजवेन. त्यांनीच शिकवलंय.”

“हात लावायचा नाही असं मी सांगितलं होतं त्यांना.”

“मला नाही कुणी सांगितलं ते. आणि खरं सांगू टीचर, सांगितलं असतं तरी वाजवलं असतं मी.” ऋजुताचा आवाज चढला, मग फुटला. “सत्तावीस दिवस या खोलीत बसून वाजवलंय. एका वेळी दोन मात्रा. कानात तुमचं वाजवणं लावायचं, तुमच्याशी जुळायला हवं ना. दोन मात्रा झाल्या की थांबायचं, पुढचं पान. सात वर्षं यादीत आहे मी. तुमच्या शेजारी बसायला मिळालं ते एवढंच. दोन दोन मात्रा!”

एस्तेर भिंतीला टेकली. या पोरीला तिनं घास भरवले होते, परीक्षेला जाताना कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली होती, आणि त्याच हातानं सही करून तिला दाराबाहेर उभं केलं होतं. लाज वाटली तिला, अगदी सरळ लाज.

“मनगट आधी जातं तुझं अजून,” ती म्हणाली.

“जातं,” ऋजुता म्हणाली, आणि दोघीही रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी एस्तेरनं निशिकांतला सभागृहात बोलावलं. “संमती मागे घेतेय. खुर्ची यादीतल्या पहिल्या नावाला मिळाली पाहिजे, तेवढं लिहून हवंय.”

“ते नियमानं मिळेलच. पण मॅडम, घाई करू नका. पुसलं की परत काही येत नाही. जागा भरल्या म्हणून रागावला असाल तर मी त्या पुन्हा मोकळ्या करतो.”

“करा,” एस्तेर म्हणाली. “एकदा ऐकू दे. मग पुसा.”

रिकामं सभागृह, दुपारचे तीन. बाकीचा ऑर्केस्ट्रा फक्त यंत्राच्या कानात. बाहेर ऐकू येत होता तो एकटा शमू. दुसऱ्या व्हायोलिनांचं काम एकट्यानं ऐकणं म्हणजे बाकीचं घर उभंच न करता नुसती जमीन बघण्यासारखं. चाल नाही, काही नाही, तेच तेच सूर खालीवर. एस्तेर शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. असं तिनं त्याला कधी ऐकलंच नव्हतं. सव्वीस वर्षं शेजारी बसूनही नाही. तो किती छान वाजवायचा! आणि ही बया स्कूटरवर बसून उशिराचं रडगाणं गात राहिली.

पान संपलं. शमू थांबला. रिकाम्या सभागृहात ती शांतता केवढी मोठी वाटली. एस्तेरनं मनात मोजलं. पान उलटून झालं असेल. आता वाजवायला हवं. अजून नाही. अजून नाही. मग आला.

“उरलेल्या वेळात काय करत होतास रे?” तिनं व्हायोलिनला विचारलं. निशिकांत लांब उभा होता, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सिंफनी शेवटापर्यंत झाली. एस्तेरनं सही केली. डबीवरचा बारीक हिरवा दिवा विझला, बस, एवढंच झालं. निशिकांतनं डबी सोडवून दिली. घोडीवर तिचा फिकट वण राहिला होता. एस्तेरनं व्हायोलिन मऊ फडक्यात गुंडाळलं, पेटीत ठेवलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. शमूला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं तिला. आणि या वेळी ते तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं. दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. स्वयंपाक करताना बोलायला कुणी नव्हतं.

सोमवारी ऋजुता तालमीला आली. काळी पँट, पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. शेवटच्या जोडीपाशी येऊन ती थबकली. एस्तेर आतल्या खुर्चीवर बसली होती.

“टीचर, तुमची खुर्ची ही बाहेरची. नवीन माणूस आत बसतो.”

“माहीत आहे मला. बस.”

“अहो पण सगळे काय म्हणतील?”

“शेवटच्या जोडीकडे कोण बघतं? तू वाजव. पानांचं मी बघते.”

ऋजुता बसली. ओबोवाल्यानं सूर दिला, तारा जुळल्या, छडी खाली आली. पहिल्या काही ओळी ऋजुता भीत भीत वाजवत होती, मग हळूहळू मोकळी झाली असावी. असावी म्हणायचं, कारण एस्तेरला ते नीट ऐकूच येत नव्हतं. स्वतःचं व्हायोलिन हनुवटीखाली, डाव्या कानाला जवळजवळ चिकटून वाजत असतं. त्या आवाजात शेजारच्याचा आवाज बुडतो. सगळ्यांचंच तसं असतं.

पान संपत आलं. एस्तेरनं गज उचलला, हात लांबवला, दुमडलेला कोपरा बोटाला लागला. मागे कधीतरी शमूनं दुमडलेला. पान उलटलं. सेकंदसुद्धा लागला नाही.

आणि तिच्या कानाजवळचा आवाज बंद झाल्याबरोबर तिला शेजारून ऋजुता ऐकू आली. स्वच्छ, एकटी. गज फिरवताना येणारा तो बारीक फुगवटा. सात वर्षं बाहेर थांबलेली तिची मुलगी किती सुंदर वाजवत होती! एस्तेर गज हवेत धरून ऐकत राहिली. वाजवायला लागायची वेळ झाली होती, तिला कळत होतं, पण लागलं की हे पुन्हा बुडणार, पुढचं पान येईपर्यंत. अजून थोडं. अजून जरासं.

तेव्हा तिला कळलं, तो उरलेल्या वेळात काय करायचा.

तो तिला ऐकायचा. रोज, प्रत्येक पानाला, सव्वीस वर्षं. त्यासाठी आतली खुर्ची घेतली होती त्यानं. यंत्रानं तो वेळ बरोबर मोजला होता, पण त्याला तिथे काहीच सापडलं नव्हतं. आणि तिला तरी कुठे सापडलं होतं?

ती वाजवायला लागली तेव्हा उशीर झाला होता. डोळ्यांतलं पाणी व्हायोलिनवर पडलं, ते तिनं पुसलं नाही.

रुस्तम सरांनी पहिल्या व्हायोलिनांना काही सांगायला तालीम थांबवली. ऋजुता हळूच तिच्याकडे झुकली. “टीचर, पान उलटल्यावर तुम्ही जरा उशिरा आलात.”

“हो गं,” एस्तेर म्हणाली. “पान जड असतं.”